समूहजीवनात नापास होता होता

अध्यापक विद्यालयात आम्हाला मानसशास्त्र होतं, अध्यापन पद्धती होती, फळालेखन होतं आणि समूहजीवन नावाचा एक विषय होता. सगळ्यांनी एकत्र राहावं, एकत्र काम करावं, एकत्र जेवावं आणि त्यातून समाजाची जबाबदारी अंगी बाणावी, असं अभ्यासक्रमात छापलेलं होतं. हा विषय पन्नास गुणांचा होता. चांगली बाणली तर चाळीस, बेताची बाणली तर पंचवीस, आणि वीसच्या खाली गेलं की वर्ष पुन्हा करायचं. माझी मावसबहीण बनाताई ओव्हाळ बाकी सगळ्या विषयांत पास होऊन याच विषयात नापास व्हायला आली होती.

बनाताईनं पुढं जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्मभर शिकवलं आणि उमरग्याकडच्या एका गावात मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली. सगळा जिल्हा तिला ओळखत होता असं मी म्हणणार नाही. तिच्या केंद्रातल्या शाळांबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

माणूस फार सरळ. सरळ म्हणजे इतकी, की कधी कधी तिला धरून हलवावंसं वाटायचं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही त्या विद्यालयात होतो, ती दुसऱ्या वर्षाला, मी पहिल्या. सराव पाठासाठी तिला ‘रोज आंघोळ करावी’ हा घटक आला होता. गावात टँकर दिवसाआड यायचा. तिनं चित्र काढलं, तक्ता टांगला, पाठ घेतला. मागच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, ‘‘बाई, प्यायलाच पाणी न्हाय.’’ तिनं विचार केला आणि टाचणात गृहपाठाच्या जागी लिहिलं, ‘पाणी आल्यावर करणे.’ निरीक्षकांना तो विनोद वाटला. तिला त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचे वडील, आमचे काका, ढोकीच्या साखर कारखान्यावर हंगामी कामाला जायचे. त्या साली ऊस फारसा उभाच नव्हता, त्यामुळं काकाही घरी. घर चालत होतं ते मालनमावशीच्या जिवावर, आणि मालनमावशी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. खडीची कच उडून तिच्या डाव्या डोळ्याला लागली होती. डोळा लाल असायचा, पाणी गळायचं, आणि ती त्याच डोळ्यावर पदर धरून एका हातानं हातोडी चालवायची. बनाताई पास झाली की जूनमध्ये तिला शाळा मिळणार होती, आणि शाळा मिळाली की मावशी खडीवरून उठणार होती. इतका साधा हिशेब होता. त्यात कुठंच ‘वर्ष पुन्हा’ बसत नव्हतं.

आमचं वसतिगृह म्हणजे एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची पत्र्याची शेड. तिथं रोज कामांचे नंबर लागायचे. पाणी, स्वयंपाक, वाढप, सफाई आणि प्रार्थना. आळीपाळीनं प्रत्येकीला प्रत्येक काम यावं, हाच समूहजीवनाचा गाभा. नंबर लावायचं काम भोजनप्रमुख सरुबाईंकडं होतं. सरुबाई येरमाळ्याकडच्या, तिशी उलटलेल्या, नवरा वारल्यावर शिकायला आलेल्या. सगळ्या मुली त्यांना आक्का म्हणत. घरच्यासारखं वसतिगृह चालवायच्या. कुणी उपाशी झोपलं तर उठवून खायला घालायच्या, आणि कुणी पातेल्यात आमटी शिल्लक ठेवली तर तिची अशी खरडपट्टी काढायच्या, की ती पोरगी पुढचा आठवडाभर ताट चाटूनपुसून लख्ख करायची.

आमच्याशी मात्र आक्का फार गोड बोलायच्या. बनाताईचा पाण्याला नंबर आला की म्हणायच्या, ‘‘बनाबाई, तुमी राहू द्या. तुमचा पाठ हाय उद्या. गजरा भरंल पाणी.’’ स्वयंपाकाला नंबर आला की म्हणायच्या, ‘‘बनाबाई, धुरानं तुमचं डोळं जात्याल. तुमी अभ्यास करा.’’ वाढायला नंबर आला की, ‘‘तुमी बसा पंगतीला, दमला असाल.’’ इतर सगळ्या मुलींना आक्का अगं-तुगं करायच्या, बनाताई मात्र ‘तुमी’. माझंही तसंच. वसतिगृहात आम्ही दोघीच बौद्ध घरच्या होतो आणि आमच्या तब्येतीची सगळ्यांना फार काळजी होती.

सफाईला मात्र आमची तब्येत ठणठणीत असायची. सफाईत आम्ही दोघींनी वर्षभरात चांगली प्रगती केली.

मला हे पहिल्याच महिन्यात कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी बनाताईला म्हणाले, ‘‘आपुन तक्रार करू. आता कायदा हाय.’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘काय म्हणून सांगू फौजदाराला? मला काम करू देत न्हायत म्हणून?’’

कुणी आम्हाला शिवी दिली नव्हती, कुणी ताट वेगळं ठेवलं नव्हतं. पंगतीला आम्ही सगळ्यांत बसायचो. फक्त आमच्या हाताचं कुणाच्या पोटात जात नव्हतं, आणि ते इतक्या मायेनं चाललं होतं की राग कुठं ठेवायचा तेच कळत नव्हतं. मी तो ठेवला नाही, तो अजून माझ्याकडंच आहे.

फेब्रुवारी संपता संपता गुरुसिद्धप्पा सरांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवलं. समूहजीवन त्यांच्याकडं होतं. सर उमरग्याच्या पलीकडचे, मराठी बोलताना मध्येच कानडी यायची, आणि नियम सोडून त्यांना दुसरा छंद नव्हता. ते म्हणाले, ‘‘दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक बाईनं एक दिवस सगळ्या वसतिगृहाचा स्वयंपाक केलेला असला पाहिजे. पंगत जेवून उठल्यावर मी गुण देणार. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी हात वर करा.’’

एकच हात वर झाला.

‘‘वर्षभर काय करत होता बनाबाई?’’

‘‘सफाई, सर.’’

‘‘मग बुधवारी स्वयंपाक. नाही तर या भागात शून्य. शून्य असलं की विषयात पास करता येत नाही.’’ एवढं बोलून सर वर्गावर गेले.

त्या दुपारी वसतिगृहात सुतक पडल्यासारखं झालं. कुणाचंच बनाताईबद्दल वाईट मत नव्हतं. ती नापास व्हावी असं तर कुणालाच वाटत नव्हतं. सगळ्या जणी आक्कांच्या कॉटभोवती जमल्या, बराच वेळ कुजबुज झाली, आणि मग आक्कांना पुढं घालून सगळ्या सरांकडं गेल्या. आक्का म्हणाल्या, ‘‘सर, बनाबाईंनी स्वयंपाक केलाय. दिवाळीच्या सुट्टीआधी. आमी सगळ्या जेवलोय.’’

‘‘सगळ्या?’’

‘‘सगळ्या. लई झ्याक झाला हुता. वांग्याची भाजी हुती.’’

गजरा म्हणाली, ‘‘सर, म्या दोनदा घेतली.’’

कुणी सही करायला तयार होतं, कुणी शपथ घ्यायला. येडेश्वरीची शपथ घ्यायला निघालेल्या दोघी होत्या. वर्षभर ज्या हातचं पाणी चाललं नाही, त्या हातची न झालेली वांगी त्या दिवशी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. बनाताईसाठी त्या देवीला खोटं सांगायला तयार होत्या. जेवायला तेवढ्या तयार नव्हत्या.

सरांनी बनाताईला बोलावलं. आक्कांनी तिला डोळ्यांनी खुणावलं. सरांनी विचारलं, ‘‘तुम्ही स्वयंपाक केला होता?’’

मला वाटलं, ही आता व्हय म्हणेल आणि सगळं मिटेल. मावशीचा डोळा माझ्यासमोर येत होता. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, व्हय म्हण, बयो, एकदा व्हय म्हण.

‘‘न्हाय, सर,’’ बनाताई म्हणाली. ‘‘दिवाळीच्या आधी वांगी कुठं हुती?’’

बाहेर आल्यावर मी तिला नको नको ते बोलले. ती म्हणाली, ‘‘अगं, न केलेल्या भाजीचं गुण कसं घ्यायचं? किती घ्यायचं?’’ तिला खरंच प्रश्न पडला होता.

बुधवार उजाडला. पहाटेच टँकर आला. बनाताईनं रांगेत उभं राहून हंडे भरले, रांजण भरला, तुराट्या आणून चूल पेटवली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळत होती. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना काठाला तडकते. आता खरं सांगायला हरकत नाही, बनाताईला स्वयंपाक येत नव्हता. घरी मावशी करायची आणि ही पुस्तक घेऊन बसायची. तिच्या भाकरीला जगाच्या नकाशासारखे किनारे असायचे. पण तिनं केला. घामाघूम होऊन सगळ्या वसतिगृहाला पुरेल एवढा केला आणि घंटा दिली.

पंगतीला मी एकटी.

सगळ्यांना उपवास होता. बुधवारी कुठल्या देवाचा उपवास असतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकीनं सांगितलं, गुरुवार धरलाय, तो बुधवारपासनं चालू हुतो. एकीच्या भावाला नोकरी लागावी म्हणून नवस होता. एकीनं दुष्काळ हटावा म्हणून उपास धरला होता, तिला तर काही बोलायची सोयच नव्हती. आक्का म्हणाल्या, ‘‘बनाबाई, वाईट वाटून घिऊ नका. पोटात गुबारा धरलाय.’’

गुरुसिद्धप्पा सर आले. रिकाम्या पाटांकडं बघून म्हणाले, ‘‘उपवास ज्याचा त्याचा. त्यात मी पडणार नाही. पण पंगत झाली नाही, तर गुण नाहीत. आणि बनाबाईंची पंगत झाल्याशिवाय पुढचा नंबर लागत नाही. म्हणजे उद्याही स्वयंपाक बनाबाईंकडंच.’’

मी विचारलं, ‘‘उद्याही उपवास निघालं तर, सर?’’

‘‘तर परवा.’’

एवढं बोलून सर कोपऱ्यात बसले आणि त्यांनी घरून आणलेला डबा उघडला. सर रोज घरचाच डबा खायचे. शिक्षकांनी वसतिगृहाचं खाऊ नये असा नियम आहे म्हणायचे. तो नियम मी कुठं लिहिलेला पाहिला नाही, आणि सरांचे बाकी सगळे नियम लिहिलेले असायचे.

दुष्काळात अन्न टाकायचं कसं? बनाताईनं पातेलं माझ्या हातात दिलं, भाकरीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि आम्ही मागच्या रस्त्याच्या कामावर गेलो. तिथं बायका दुपारची सुट्टी करून बसल्या होत्या. त्यांनी पदर पसरून भाकरी घेतल्या आणि खाल्ल्या. कुणी केलंय ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. त्या बायकांत एकीनं डोळ्याला फडकं बांधलेलं होतं, आणि बनाताई तिच्याकडंच बघत राहिली होती.

गुरुवारीही उपवास. रात्री शेडमध्ये शेंगदाण्यांची टरफलं फोडल्याचे आवाज येत होते, पण शेंगदाणे उपवासाला चालतात, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. शुक्रवारी सकाळी गजराला प्रार्थनेत भोवळ आली. सरांनी तिला सावलीत बसवलं आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून घेतली.

मी बनाताईला म्हणाले, ‘‘चल घरला. न्हाय करायचं ह्यांच्यात समूहजीवन. खड्ड्यात गेलं ते सर्टिफिकेट.’’

ती परातीत पीठ घेत होती. म्हणाली, ‘‘घरी जाऊन आईला काय सांगू? स्वयंपाकात नापास झाले म्हणू?’’ आणि पिठात पाणी ओतत पुढं म्हणाली, ‘‘तिला वाटंल, म्या मुद्दाम शिकले न्हाय.’’

त्या दिवशी तिचं लक्ष कुठंच नव्हतं. आमटीत मीठ टाकलं, पाणी आणायला गेली, आली आणि पुन्हा मीठ टाकलं. मी चुलीपाशीच होते, पण मीही माझ्याच रागात होते. आमटी उकळायला लागली, आणि हिनं चव घेतली असेल तर शप्पथ. मग काही तरी चुकल्याची तिलाच शंका आली असावी, कारण तिनं रांजणातलं तांब्याभर पाणी काढलं आणि आमटीत ओतायला उचललं.

आक्का दारातून जात होत्या. तीन दिवसांच्या उपवासानं त्यांचा चेहरा उतरला होता. पण भोजनप्रमुख ती भोजनप्रमुख. दुष्काळात पिण्याचं पाणी कुणी तरी तांब्यानं आमटीत घालतंय हे त्यांना दिसलं आणि त्या तीरासारख्या आत आल्या.

‘‘थांब! काय करतीस? प्यायचं पानी हाय ते!’’

‘‘मीठ जादा पडलं का काय, आक्का...’’

‘‘का काय म्हंजी? चव न्हाय घितलीस?’’ आणि बोलता बोलता आक्कांनी बनाताईच्या हातातली पळी हिसकली, आमटी तळहातावर घेतली आणि जिभेला लावली.

आयुष्यभर चुलीपाशी वावरलेल्या बाईचा हात तो. त्याला थांबायला सांगायचं आक्कांच्या ध्यानातच आलं नाही.

‘‘अगं बया बया!’’ आक्का ओरडल्या. ‘‘ही आमटी हाय का मिठागर? बने, अगं आईनं काय शिकवलं का न्हाय तुला? इतक्या पोरींच्या तोंडचं अन्न नासलंस! डाळ काय फुकट येती व्हय? आन् ही भाकर? हिला भाकर म्हणत्यात? ही तर ढोराला घातली तर ढोर बघंल तुझ्याकडं! सरक तिकडं. बटाटं हायती का? न्हाय? मग पिठाचं गोळं कर, सोड आमटीत, मीठ ओढून घेत्यात. बघत काय बसलीस? हात चालव!’’

एवढं बोलून झाल्यावर त्या एकदम थांबल्या. त्यांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. दारात गजरा आणि आणखी चारपाच जणी उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं. चुलीतल्या तुराट्या तडतडत होत्या.

आक्कांनी तळहात पदराला पुसला. मग पुन्हा पळी आमटीत घातली, फुंकर मारली आणि पुन्हा चव घेतली. या खेपेला सावकाश, सगळ्यांच्या देखत.

‘‘उपास मोडला माझा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मोडला तर मोडला. गजरे, पाट मांड.’’

सगळ्या बसल्या असं मी सांगणार नाही. दोघी गाव गाठायला निघून गेल्या आणि सोमवारी आल्या. एक जण शेवटपर्यंत शेंगदाण्यांवरच राहिली. काही बसल्या त्या भुकेनं, काही आक्कांच्या धाकानं, आणि काही गुणांसाठी. गजरानं मात्र खरंच दोनदा घेतलं. गुरुसिद्धप्पा सर डबा उघडून बसले होते. आक्कांनी त्यांना तिथूनच सांगितलं, ‘‘सर, आमटी लई खारट हाय. गुण बघून द्या.’’ सरांनी डब्याचं झाकण लावलं, उठले, पंगतीच्या टोकाला पाटावर बसले आणि म्हणाले, ‘‘तक्रार आली की तपासावं लागतं. वाढा.’’ त्यांनी बराच वेळ चावून एक घास गिळला. मग ‘‘उप्पु जास्ती,’’ असं कानडीत म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

निकालाचं सांगून टाकते. स्वयंपाकाला बनाताईला दहापैकी तीन मिळाले. सगळ्या विद्यालयात तो नीचांक होता. समूहजीवनात ती एकवीस गुणांनी पास झाली, जूनमध्ये तिला शाळा मिळाली, आणि मालनमावशी खडीवरून उठली. डोळा काही पुरता बरा झाला नाही, पण गेलाही नाही.

त्या शुक्रवारी पंगत उठल्यावर आम्ही दोघी मागं राखेनं भांडी घासत होतो. बनाताई रडत होती. इतकी वर्षं ओळखते मी तिला, तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझं डोकं पुन्हा तापलं. आक्का सगळ्यांसमोर मावशीचं नाव काढून बोलल्या होत्या, ढोराचं बोलल्या होत्या. मी घासलेलं पातेलं आदळलं आणि म्हणाले, ‘‘थांब, आत्ता विचारते तिला. कुणाच्या आईला बोलती!’’

बनाताईनं राखेच्याच हातानं माझं मनगट धरलं.

‘‘न्हाय गं प्रेमा, जाऊ नको,’’ ती म्हणाली. ‘‘दोन वरसं झाली हितं येऊन. आज पहिल्यांदा मला कुणी वरडलं.’’